श्रेयनामावलीतली एक ओळ

बिश्केक, ९ सप्टेंबर २००८

मुकाश बाइके,

पत्रात आधी प्रकृतीची, मग घरच्यांची, मग गुराढोरांची चौकशी करावी, असा आपल्याकडचा शिरस्ता. तो आज मोडते; 'बाइके', थोरले भाऊ, एवढे संबोधन मात्र ठेवले आहे. पाकिटावरचे अक्षर तुम्ही ओळखले असेलच; आणि चौतीस वर्षे न बोललेल्या बाईने तुमच्या गाईची खुशाली विचारावी, हे तुम्हाला सोंग वाटेल. तेव्हा कामाचे आधी.

'मीठवाहू' हा चित्रपट दुरुस्त होतो आहे. रिळे धुऊन, ओरखडे काढून डिसेंबरात तो पुन्हा पडद्यावर येईल. श्रेयनामावली नव्याने लिहिली जाणार आहे, आणि ती तपासणाऱ्या पाच जणांच्या समितीत शब्दकोशाची निवृत्त संपादक म्हणून मलाही घेतले आहे. एकतीस ऑक्टोबरला मजकूर कायम होईल. त्यानंतर त्यात काना-मात्राही बदलता येणार नाही. संगीताच्या ओळीत १९६७ साली जे होते तेच आजही आहे: लोकसंगीत.

त्या ओळीला आधार म्हणून समितीच्या फायलीत एकच कागद आहे. वर्तमानपत्राचे कात्रण, नोव्हेंबर १९७४, संपादकांस पत्र. खाली सही माझी.

आपल्या चित्रपटांतल्या संगीतावर तुम्ही जो लेख लिहिला होता त्यात एक वाक्य होते: तंबूतल्या प्रसंगात म्हातारी तीन तारांच्या कोमुझवर वाजवते ती धून 'उघडे धुराडे', आणि ती कोचकोरच्या अनिपा या बाईंची रचना आहे. त्यावर मी लिहिले: "ही बाई लेखकमहाशयांना कोणत्या संग्रहात, कोणत्या पृष्ठावर भेटली? ज्याला आधार देता येत नाही त्याने समीक्षा लिहू नये, गोष्टी सांगाव्यात." तुम्ही उत्तर दिले नाहीत. महिन्याभरात तुमचे सदर बंद झाले, आणि वसंतात तुम्ही शहर सोडून कोचकोरच्या शाळेत भूगोल शिकवायला गेलात.

ते कात्रण मी परवा पुन्हा वाचले. वाक्यरचना निर्दोष आहे. मजकूर चुकीचा आहे.

कसे कळले ते सांगते. ऑगस्टात धुतलेली प्रत आम्हाला दाखवली. हा चित्रपट मी त्याआधी अकरा वेळा पाहिला होता. प्रत्येक वेळी लिहिलेल्या अकरा कार्डांपैकी दहा माझ्या खोक्यात आहेत, तारीख आणि चित्रपटगृहासह. जुन्या प्रतीत तंबूतला प्रसंग धुरकट असे, त्यामुळे मी धरून चालले होते की वाजवणारा कोणी वाद्यवृंदातला असणार आणि म्हातारी नुसता हात हलवते. आता बोटे दिसली. एकेक स्वर तिच्याच बोटाखालून उठतो. आणि वाजवण्याआधी तिचे ओठ हलतात. शब्द ऐकू येत नाहीत, तिथे वाऱ्याचा आवाज चढवला आहे. पण कोमुझ मांडीवर घेतलेले माणूस आधी काय बोलते हे मला कोणी सांगायला नको. ही धून कोणाची, कोणाच्या हातून मिळाली, कशावरून झाली, हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे कोणी तारेला बोट लावत नाही. मी तुमच्याकडे ज्या साक्षीदाराचा पत्ता मागत होते, तो माझ्यासमोर अकरा वेळा साक्ष देऊन गेला होता.

दुसरी गोष्ट, तिची डावी भुवई. ती मधोमध तुटलेली आहे. तशीच भुवई तुमच्या चेहऱ्यावर मी नऊ वर्षे दर गुरुवारी, फिल्म क्लबच्या तिसऱ्या रांगेत बसून पाहिली आहे. ती म्हातारी म्हणजेच अनिपा, आणि त्या तुमच्या आई होत्या. तुम्ही तसे का लिहिले नाही, हे मी विचारत नाही.

त्या गुरुवारांबद्दल मात्र लिहायला हवे. ते ऋण मी कधी तोंडाने मान्य केले नाही. त्या काळचे बहुतेक समीक्षक कथानक सांगून झाले की दिग्दर्शकाच्या पाठीवर थाप मारत आणि ट्रॅक्टर चांगला दिसल्याचा निर्वाळा देत. तुम्ही चित्रपटाआधी दहा मिनिटे बोलत असा आणि एकच गोष्ट सांगत असा. आज नुसती दारे बघा, कोण उघडतो, कोण उघडी टाकून जातो. आज कोण कोणाआधी बसते ते बघा. एकदा म्हणालात, "पहिलं रीळ डोळे मिटून ऐका, तिकिटाचे पैसे वाया गेले तर माझ्याकडून घ्या." मी मिटले. त्या दिवशी मला कळले की तोवर चाललेले माझे पाहणे अर्धेच होते. माझी मते माझी आहेत, आणि त्यांतली बरीच तुमच्या विरुद्ध आहेत. पण ती ज्या कानांनी आणि डोळ्यांनी बनली ते तुम्ही दिलेले. तुमच्या लेखनात विशेषणे फार असत, हे माझे मत आजही कायम आहे.

तेव्हा कृपया साध्या कागदावर निवेदन पाठवावे: धून अनिपा यांची, मी त्यांच्याकडून घेतली, तारीख, सही, आणि शक्य असल्यास नोटरीचा शिक्का. बाकीचे मी पाहते.

बुरुल

बिश्केक, २६ सप्टेंबर

मुकाश बाइके,

उत्तर मिळाले. वहीच्या फाडलेल्या अर्ध्या पानावर चार ओळी, आणि त्यांत एकही विशेषण नाही. तुमच्या लेखनात सुधारणा झाली आहे.

"आईसाठी मुलानं साक्ष द्यायची नसते, ती याचना होते. ज्याला सांगायचं आहे त्यानं धून घ्यावी, वाजवावी, मग सांगावं. चौऱ्याहत्तरनंतर मी ती कोणाला दिलेली नाही. येणार असशील तर जुने कपडे आण, बटाटे काढायचे आहेत."

मी सत्तर वर्षांची आहे. माझ्या डाव्या हाताची अनामिका सांध्यात वाकली आहे. मी आयुष्यात वाद्य हातात धरलेले नाही, कारण जे उत्तम करता येणार नाही ते न करण्याचा माझा नियम आहे. ऐकणे हे माझे काम आहे, आणि ते मी चोख करते. म्हणून तुमचे पत्र बाजूला ठेवून मी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांचे नाव तालाय. पन्नाशीचे आहेत, मला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात, हुशार आहेत, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक आहे.

"बुरुल एजे, हे कात्रण तुमचंच ना?"

"माझंच."

"आणि आता तुम्हीच म्हणता ते चूक?"

"हो."

"बरं. मग नवा कागद कुठाय?"

"कागद नाही. भुवई आहे." मी समजावून सांगितले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एजे, भुवया बघून मी नावं लिहायला लागलो ना, तर उद्या निम्मं शहर माझ्या दारात उभं राहील, आपापल्या भुवया घेऊन."

उपमा चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. मग त्यांनी नियमावली उघडून माझ्यापुढे सरकवली. पारंपरिक धुनेला रचनाकाराचे नाव द्यायचे तर छापील आधार हवा. तो नसेल तर रक्ताच्या नात्याबाहेरच्या, ती धून समोर बसून शिकलेल्या व्यक्तीने समितीपुढे ती वाजवून, ती कोणाकडून कोणाकडे आली तो क्रम सांगावा. वाक्य नेटके होते. नेटके असणारच, तीन वर्षांपूर्वी या नियमावलीची भाषा मीच तपासून दिली होती. तुम्ही हा नियम वाचलेला असणे शक्य नाही. तरी तुमचे आणि त्याचे म्हणणे एकच निघाले, आणि मला इतका संताप आला की मी छत्री तिथेच विसरून आले.

आता दुसरे. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. १९७४ सालचे ते पत्र मी अचूकतेच्या प्रेमापोटी लिहिले, असे मी स्वतःला इतकी वर्षे सांगत आले. तुमच्या त्या लेखातच, अनिपांच्या वाक्याच्या वर दोन परिच्छेद, दुसरे एक वाक्य होते: "मिठाच्या तांड्यातल्या पुढच्या उंटाची घंटा म्हाताऱ्याच्या मृत्यूच्या एक दृश्य आधीच थांबते, हे एका प्रेक्षकाच्या लक्षात आले." तो एक प्रेक्षक मी होते. ती घंटा मी शोधली होती. सातव्या कार्डावर लिहून, क्लबच्या जिन्यावर तुमच्या हातात दिली होती. तुम्ही वाचून म्हणाला होता, "बुरुल, तू सिनेमा बघतेस की झडती घेतेस?" आणि मग ते कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेत. मी तीन आठवडे त्या लेखाची वाट पाहिली. त्यात मी 'एक प्रेक्षक' झाले होते.

नाव नसणे म्हणजे काय हे मला त्या सकाळी कळले. आणि त्याच दुपारी टेबलाशी बसून मी दुसऱ्या एका बाईचे नाव काढून घेतले.

हे लिहिल्यावर निवेदन मागण्याचा अधिकार मला उरत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. जुने कपडे घेतले आहेत.

बुरुल

बिश्केक, २२ ऑक्टोबर

मुकाश बाइके,

घरी पोहोचले. बूमच्या दरीत दरड आल्यामुळे दोन तास थांबावे लागले. तुमच्या सोनुनने बांधून दिलेली साय आणि रोट्या मी गाडीतल्या सर्वांना वाटल्या, त्यामुळे चालकाने मला थेट दारापर्यंत सोडले. हे तिला अवश्य सांगा. मी तिच्या रोट्यांना 'किंचित जाड' म्हटले होते, ते मागे घेते.

पंचवीस दिवस तुमच्या घरात राहून मी जे बोलले नाही ते इथे लिहिते. समोरासमोर आभार मानायला लागले की माझा आवाज परीक्षकासारखा होतो.

पहिले चार दिवस तुम्ही मला कोमुझला हात लावू दिला नाहीत. सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, चहानंतर तुम्ही एकदा धून वाजवणार आणि वाद्य खुंटीला. दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल काढून ठोके लिहू लागले तेव्हा तुम्ही पेन्सिल उचलून चुलीत टाकलीत. सोनुन म्हणाली, "एजे, मला लग्न करून आणलं तेव्हा यांनी माझा रेडिओ असाच बंद केला होता. मी महिनाभर बिनमिठाचं रांधलं. तुम्हीसुद्धा काहीतरी करा." मी काही केले नाही. मी ऐकले. चौथ्या दिवशी बटाट्याच्या ओळीत वाकलेली असताना ती धून आपोआप माझ्या डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली, आणि माझे कार्डांचे खोके मला प्रथमच लहान वाटले.

पाचव्या दिवशी वाद्य मांडीवर आले.

"कोमुझ धरलंय की बाळ?" सोनुन दारातून म्हणाली. "बाळ असेल तर मान सांभाळा."

"तू जा गं, दूध काढ," तुम्ही म्हणालात.

"जाते. पण गाय आटली तर मला बोलू नका, तिलाही कान आहेत."

माझी अनामिका मधल्या तारेवर टेकत नाही, हे आपण दोघांनी दुसऱ्याच मिनिटाला पाहिले. सर्वांत उंच स्वर त्याच तारेवर. ती चुकली की सारेच चुकले. मी वाद्य खाली ठेवून म्हटले, हे माझ्याच्याने उत्तम होणार नाही. तुम्ही विचारलेत, "उत्तम कोणी मागितलं?" मी म्हटले, मी. तुम्ही म्हणालात, "मग तू आणि उत्तम बाहेर जाऊन भांडा. इथे मधलं बोट लाव." एखाद्या समीक्षकाने माझ्याविषयी केलेले हे सर्वांत अचूक विधान आहे.

संध्याकाळच्या चहाच्या वेळचे आपले वाद मला जन्मभर पुरतील. टीव्हीवरचा कोणताही चित्रपट तुम्ही आधी आवाज बंद करून पाहता, आणि मग सोनुन कथा विचारते तेव्हा तिला भलतीच कथा सांगता, हे मला नवीन होते. 'चिनाराखाली' या रडारडीच्या चित्रपटावर मी त्या काळी कार्ड लिहिले होते: स्वस्त, गोड, अनावश्यक. ते मी तुम्हाला अभिमानाने ऐकवले. तुम्ही चहात साखर ढवळत म्हणालात, "चार वेळा आली होतीस. चौथ्या वेळी तुझ्याकडे रुमाल नव्हता, टोपीनं डोळे पुसलेस." मी नाकारले. सोनुनने विचारले, "कोणत्या रंगाची टोपी?" तुम्ही म्हणालात, "हिरवी." बाइके, ती हिरवीच होती. त्या चित्रपटातले शेवटचे गाणे मला आजही संपूर्ण पाठ आहे. नवे कार्ड लिहिले आहे. त्यावर एवढेच आहे: मी रडले, आणि ते योग्य होते.

आणि बाराव्या दिवशी तुम्ही धुनेची हकीकत सांगितलीत. बाहेर पोती शिवत बसला होता, सुई थांबवली नाहीत. अडतीस सालची, धरपकडीच्या दिवसांतली, शरद ऋतूची सुरुवात. तुमच्या वडिलांना जिल्ह्याच्या गावी बोलावणे आले. ते गेले, आणि तीन दिवस पाऊस लागला. पावसात तंबूच्या छतातल्या धुराड्यावर नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, पडदा ओढायचा असतो. आईने तो ओढला नाही. धूर दिसला म्हणजे खिंडीतून येणाऱ्याला कळेल की आपण तळ हलवलेला नाही. पाणी आत येई, चूल विझे, ती पुन्हा पेटवी. धुनेच्या तिसऱ्या भागात मधली तार तीन वेळा गप्प होते, ती तीच चूल. तुम्ही सात वर्षांचे होता, भिजलेल्या नमद्याखाली. चौथ्या दिवशी ऊन पडले. खिंडीतून कोणी आले नाही, ना तेव्हा, ना नंतर.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारणार नाही असे लिहिले होते. चौऱ्याहत्तर साली तुम्ही गप्प का राहिलात?

"माझी आई म्हटलं असतं तर विचारलं असतं, बाप कोण," तुम्ही म्हणालात. "देशाचा शत्रू ठरलेल्या बापाचं नाव निघालं असतं तर चित्रपट डब्यात गेला असता. तोवर आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. तिचे हात त्या रिळातच होते, बाकी कुठेच नव्हते. सदर गेलं तर जाऊ दे म्हटलं."

मी पोत्याचे तोंड धरून बसले होते. ते हातातून सुटले.

नंतर तुम्ही, जणू हवामानाबद्दल बोलावे तसे, सांगितलेत की लेखाच्या हस्तलिखितात माझे नाव होते, आडनावासह. "एका प्रेक्षकाच्या" हे वर्तमानपत्राच्या कार्यालयात कोणीतरी केले. जागा वाचवायला असेल. हस्तलिखित आता नाही. कोणताही पुरावा नाही.

मी विश्वास ठेवला. तिथल्या तिथे, एकही प्रश्न न विचारता. बाइके, शब्दकोशात चाळीस वर्षे काढलेल्या बाईला हे किती कठीण आहे, आणि किती हलके वाटते, हे तुम्हाला कसे सांगू?

एकतीस तारखेला नऊ दिवस आहेत. उसन्या कोमुझवर तिसरी शांतता अजून माझ्याकडून आखूड होते.

बुरुल

बिश्केक, १ नोव्हेंबर

मुकाश बाइके,

वृत्तान्त जसा घडला तसा देते.

दालनात पाच जण होते, मीही त्यांतलीच. म्हणून मी आधी समितीच्या खुर्चीतून उठून समोरच्या स्टुलावर बसले. तालाय म्हणाले, "एजे, हे खरंच करणार आहात?" मी म्हटले, नियम वाचा. त्यांनी मोठ्याने वाचला. वाचताना एका ठिकाणी अडखळले; मी दुरुस्त केले.

कोमुझ मांडीवर घेतले आणि म्हणाले: "ही धून उघडे धुराडे. मी ती मुकाशकडून घेतली. मुकाशने ती आपल्या आईकडून, अनिपाकडून घेतली. अनिपाने ती केली, कोणाकडून घेतली नाही." मग तीन दिवसांच्या पावसाची हकीकत, तुम्ही सांगितलीत तेवढीच. मी काही घातले नाही. घालावेसे वाटले होते.

पहिला भाग ठीक गेला. दुसऱ्यात बोट घसरले. थांबायचे नसते, हे तुम्ही बजावले होते, मी थांबले. चौघे जण माझ्या हाताकडे पाहत होते. माझ्या सत्तर वर्षांत कोणी मला एखादे काम वाईट करताना पाहिले नव्हते.

"एजे, पाणी देऊ?" तालाय.

"नको."

"हवं तर उद्या..."

"उद्या एक तारीख आहे. गप्प बसा आणि ऐका."

पुन्हा आरंभापासून वाजवले. घसरले तिथे पुन्हा घसरले, पण या वेळी पुढे गेले. तिसऱ्या भागात तार गप्प ठेवली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसरी शांतता, जी तुमच्याकडे माझ्या हातून नेहमी आखूड होई, ती मी मोजली नाही. ती संपली तेव्हा संपली.

मग तालाय म्हणाले, "वाजवणं म्हणून बघितलं, एजे, तर माझी आत्या लाकडं याहून सुरात फोडते." आणि लगेच चिटणिसाकडे वळून, खालच्या आवाजात: "लिहून घ्या. संगीत: अनिपा. वडिलांचं नाव, गाव, सगळं विचारून घ्या, चूक नको."

मी ते एकेक अक्षर करून सांगितले.

निघताना त्यांनी विचारले, ते जुने कात्रण फायलीतून काढून टाकायचे का? आता ते निरुपयोगी आहे, शिवाय मला अवघड वाटायला नको. दयाळूपणाने विचारले. मी म्हटले, राहू द्या. चूक खोडायची नसते, तिच्याखाली दुरुस्ती लिहायची असते. आमच्या कोशात तशीच पद्धत होती. मग तिथेच बसून ती लिहिली आणि सही केली. तेच शब्द त्या वर्तमानपत्रालाही पाठवले आहेत. चौऱ्याहत्तर सालच्या पत्राहून ते बरेच थोडे आहेत: धून अनिपा यांची आहे, मुकाश सादिरोव बरोबर होते, मी चुकले होते.

डिसेंबरच्या तेरा तारखेला पहिला खेळ आहे. तिकीट सोबत आहे. तिसरी रांग.

बुरुल

बिश्केक, १४ डिसेंबर

मुकाश बाइके,

तुमची जागा रिकामी होती. सोनुनने फोनवर सांगितले, खिंडीत बर्फ आहे आणि गाय विणार आहे. "आणि खरं सांगू का एजे," ती म्हणाली, "ते सकाळपासून नवे बूट घालून घरातच फिरतायत." त्यामुळे मी रागावले नाही. शेजारच्या खुर्चीवर माझा कोट ठेवला आणि कोणाला बसू दिले नाही.

दालन भरले होते. निम्मी माणसे कोचकोर-नारिनकडची असावीत, बोलीवरून. माझ्यामागचे दोघे जागेवरून भांडत होते. पुढे एका बाईने तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी उघडली होती आणि ती अख्ख्या रांगेत फिरत होती. दिवे गेले. श्रेयनामावली सुरू झाली: दिग्दर्शन, छायालेखन, नट. लोक अजून बोलतच होते. मग ती ओळ आली.

संगीत: 'उघडे धुराडे', अनिपा, कोचकोर. त्याखाली लहान अक्षरांत दोन साले, जन्माचे आणि मृत्यूचे.

मी अक्षरे तपासली. बरोबर होती. ओळ अजून पडद्यावर असतानाच पहिल्या रांगेत एक म्हातारी हलली. दफनभूमीवरून बस जाते तेव्हा आपली माणसे मृतांसाठी करतात तसे तिने दोन्ही तळवे उघडले आणि चेहऱ्यावरून खाली आणले. तिच्या शेजारच्याने केले. मग दुसरी रांग. माझ्यामागचे भांडण थांबले, आणि बाह्या सरकल्याचा मंद आवाज मागे मागे सरकत शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कोणी सांगितले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांनी तिला पाहिलेलेही नसावे.

मीही तळवे उघडले. तुमच्याही वतीने, बाइके. तेवढा अधिकार तुम्ही मला दिला आहे असे मी समजले.

मग चित्रपट सुरू झाला.

बुरुल